बॅटरीचा आकडा आणि बॅटरीचा दम

हैदराबादच्या सुलतान बाजाराला लागूनच ट्रूप बाजार. साड्या मागे पडल्या, की वायरी आणि स्विच सुरू होतात. गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी जुनी बॅटरी शोधणारे अशा बाजारात हमखास दिसतात. मल्टीमीटरवर 12.7 व्होल्ट दिसले, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. तो इतक्यात पडू देऊ नये. नुकतीच चार्ज केलेली मरतुकडी बॅटरीही तेवढा आकडा दाखवते. रात्रभर मोकळी ठेवून सकाळी मोजावी. 10.5च्या आसपास उतरली, तर सहातला एक सेल गेला. मग हायड्रोमीटर. पूर्ण चार्जनंतर सहाही सेलांतल्या आम्लाची घनता जवळपास सारखी हवी; एखाद्यात 0.05चा फरक दिसला, तर सौदा सोडावा. तरी खरी परीक्षा भाराचीच: हेडलाइटचा बल्ब जोडून तासभर व्होल्टेज किती घसरतं ते बघत बसायचं. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. गाडीची बॅटरी पातळ पट्ट्यांची, इंजिनला हिसका देण्यापुरती. रोज रात्री निम्मं रिकामं होणं सोसते ती ट्यूब्युलर. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरे. आणि आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी कुठे? देव्हाऱ्याखाली, वर निरांजन! मेलेली बॅटरी मात्र दुकानातच परत द्यावी. 2022च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवणं उत्पादकावर बंधनकारक आहे. भंगारवाला आम्ल गटारात ओततो आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवतो, तो धूर शेजारच्या पोरांच्या रक्तात उतरतो.