केकच्या आधी पाव शिका

घरी नवा ओव्हन आला की पहिल्या रविवारी केकच होतो. बेकिंगच्या क्लासमध्येही पहिल्याच दिवशी क्रीम फेटायला आणि नोझलनं फुलं काढायला शिकवतात. हा क्रम मला चुकीचा वाटतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी शेजारपाजारच्या मुलामुलींना बेकिंग शिकवते. त्यांच्या हाती मी पहिली पाककृती देते ती साध्या लादीपावाची.

केकचं मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेलं की आपल्या हातात काही उरत नाही. निकाल लागतो तो एकदम शेवटी. केक मध्येच बसला तर सोडा जुना होता, मिश्रण जास्त फेटलं गेलं की ओव्हन पुरेसा तापला नव्हता, हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. पावाचं पीठ मात्र भट्टीत जाईपर्यंत हाताशी असतं. कच्चं वाटलं तर आणखी मळावं, फुगलं नाही तर आणखी थांबावं. शिवाय रोज कणीक मळणाऱ्या हातांना पिठाची भाषा अर्धी येतच असते.

अर्धा किलो मैदा, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर आणि थोडं तेल, एवढंच सामान. सुरुवातीला पीठ बोटांना चिकटतं आणि वरून मैदा भुरभुरायचा मोह होतो. तो आवरायचा. दहा-पंधरा मिनिटं नेटानं मळल्यावर तेच पीठ मऊ, तुकतुकीत होतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणावा. न फाटता पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला, की ग्लुटेनची जाळी तयार झाली. यीस्टनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड हीच जाळी धरून ठेवते. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या बोटांमध्ये ताणून पाहणं वेगळं. त्या क्षणी मुलांचे चेहरे उजळतात, म्हणून मला हा धडा इतका प्रिय आहे.

पुढे पीठ झाकून ठेवायचं. मे महिन्यात ते तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरात त्याला दोन तासही लागतात. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघावं. मग गोळे करून ट्रेमध्ये शेजारी शेजारी लावायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि २०० अंशांवर, वरून तांबूस होईपर्यंत, साधारण वीस मिनिटं भाजायचे.

नवशिक्यानं पहिला खर्च साच्यांवर न करता वजनकाट्यावर करावा. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा अलगद भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०च्याही पुढे जातो. पाणी मात्र तेवढंच राहतं. आमटीला अंदाज चालतो, कारण उकळतानाही चव घेऊन सुधारता येते. इथे ती सोय नाही.

प्रीमिक्सला माझा विरोध आहे तो याच कारणानं. मोजून-मापून सगळं आधीच पाकिटात घातलेलं असलं की कशामुळे काय होतं, हा प्रश्नच पडत नाही. दह्याच्या केकला खाण्याचा सोडा पुरतो, कारण दह्यात आम्ल असतं. बेकिंग पावडरमध्ये ते आम्ल आधीच मिसळलेलं असतं. एवढं समजलं की माणूस दुसऱ्याची पाककृती डोळस वाचू लागतो.

कोपऱ्यावर ताजा पाव मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं पालक विचारतात. बेकरीवाल्याशी स्पर्धा करायची नाहीच; पहाटे भट्टीपुढे उभं राहणाऱ्याचे कष्ट उलट यातूनच कळतात. मैदा नको असेल, तर हात बसल्यावर त्यात तिसरा हिस्सा कणीक घालावी आणि पाणी थोडं वाढवावं, कारण कोंडा पाणी शोषतो.

क्लास घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पहिल्या दिवशी क्रीम बाजूला ठेवा, मुलांच्या हाती पीठ द्या. वजन, ऊब आणि थांबणं या तीन गोष्टी त्यांना पाव शिकवेल, आणि त्या आल्या की वाढदिवसाचा केक ती स्वतःच्या जोरावर करतील.