संगणकातील मुंबई आणि आमची हजेरीवही

'एजंट' हा गृहस्थ आपल्या घरी येतो तो बहुधा विम्याचा हप्ता मागावयास. आज ज्या एजंटांविषयी आम्ही लिहिणार आहोत ते हप्ता मागत नाहीत आणि चहाही घेत नाहीत. त्यांचा मुक्काम संगणकाच्या पोटात असतो. संगणकशास्त्रात एजंट म्हणजे स्वतःपुरते नियम जाणणारा आणि आजूबाजूचे पाहून त्यांनुसार वागणारा एक लहानसा घटक. सर्वांवर हुकमत चालविणारा तेथे कोणी नसतो. असे लक्षावधी घटक एकमेकांच्या सहवासात सोडले म्हणजे त्यातून जे घडते, ते एकेकट्याच्या नियमांत शोधूनही सापडत नाही. शाळेची मधली सुट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक उलगडून सांगण्याची गरज नसावी.

2020 साली कोरोनाच्या टाळेबंदीत मुंबई घरात कोंडलेली असताना, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांतील संशोधकांनी मिळून अशीच एक दुसरी मुंबई संगणकात वसविली. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. या कृत्रिम नगरीतही तेवढीच वस्ती मांडली. प्रत्येकाला वय दिले, घर दिले, कोणाला शाळा दिली तर कोणाला कचेरी, आणि ये-जा करण्यास लोकलगाडीही दिली. मग तीत रोग सोडावयाचा आणि पाहावयाचे: शाळा बंद ठेवल्या तर काय होते, कचेऱ्या थोड्याथोड्या उघडल्या तर काय होते. जिवंत शहरावर असे प्रयोग करता येत नाहीत, हे उघडच आहे.

आम्हांस कुतूहल वाटले ते यंत्राचे नव्हे, ते चालविणाऱ्या मंडळींचे. मुंबईचे संदीप जुनेजा संभाव्यतेच्या गणितातले, तर प्रह्लाद हर्षा संगणनाच्या निखळ तात्त्विक शाखेतले. बंगळूरचे राजेश सुंदरेशन दळणवळण अभियांत्रिकीचे. नरेंद्र दीक्षित यांची विद्याशाखा रासायनिक अभियांत्रिकीची, आणि विषाणूंच्या वाढीचे गणित मांडणे हा त्यांचा अभ्यासविषय. त्यांच्यासमवेत तरुण संशोधकांचा मोठा मेळावा. एरव्ही ही माणसे एकाच परिषदेत एकमेकांसमोर आली असती की नाही, याची आम्हांस शंका आहे. विद्वानांना आपापल्या दालनाचे दार लोटून घेण्याची सवय असते. (मराठीच्या प्राध्यापकांविषयी तर आम्ही अनुभवाने सांगतो.)

या मंडळींनी एक गोष्ट ओळखली. मुंबईतील सर्व घरे एकाच मापाची मानून चालणार नाही. जेथे दहा कुटुंबांना एकच शौचालय, तेथे 'घरात राहा' या आज्ञेला अर्थ तो किती? म्हणून झोपडपट्टी आणि इतर वस्ती असे दोन भाग त्यांनी निरनिराळे धरले. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात रोग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या, इतर वस्तीत केवळ 16 टक्के! एका शहरात दोन शहरे नांदत होती. शिवाय त्यांनी आपली आज्ञावली सर्वांना खुली ठेवली, म्हणजे दोष काढण्याची वाटही मोकळी ठेवली. हे औदार्य आम्हांस त्या आकड्यांहून मोठे वाटते.

दोष निघालेही. 2020 च्या शरदातील त्यांच्या अंदाजांत विषाणूच्या नव्या अवताराला जागा नव्हती. 2021 मध्ये दुसरी लाट आली आणि त्या मंडळींना पुन्हा एकत्र बसून गणित नव्याने मांडावे लागले.

हे सर्व मुंबईचे झाले. आमच्या आदिलाबादची अशी प्रतिमा कोणी रचावयास घेतली तर? नकाशा पैनगंगेच्या काठाशी संपतो, सोयरिकी तेथे संपत नाहीत. 1956 पर्यंत किनवट याच जिल्ह्यात होते. आज पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. आठवडी बाजार, कापसाची वेचणी, केसलापूरची नागोबाची जत्रा, या वेळी माणूस कोणत्या वाटेने कोठे जातो हे बंगळूरच्या गणितज्ञाने कोठून जाणावे? ते गावच्या आशाताई जाणतात, गोंड पाड्यावरचे पटेल जाणतात, आणि थोडेफार मास्तरही जाणतात. त्यांना त्या मेजाशी बसविणार कोण?

मास्तर जाणतात असे लिहिले खरे, पण लेखणी येथे अडखळते. 1 फेब्रुवारी 2021 रोजी तेलंगणात नववी-दहावीचे वर्ग उघडले. वरून हजेरीचा तक्ता मागविला गेला. त्यात दोनच रकाने होते, 'हजर' व 'गैरहजर'. आमच्या अकरा मुलांपुढे आम्ही निमूटपणे 'गैरहजर' लिहिले आणि सही ठोकली. ती मुले आईबापांसह नदीपलीकडे कापूस वेचीत होती, एकेका शेडमध्ये चार-चार बिऱ्हाडे. आम्हांस ते ठाऊक होते. समासात एक ओळ लिहिण्यास कोणी मज्जाव केला नव्हता. तक्ता पुढे कोठे गेला, कोणत्या बेरजेत मिसळला, देव जाणे. त्या बेरजेत ही अकरा मुले आपापल्या घरी सुरक्षित बसलेली असणार.

मार्चच्या आरंभी त्यांतील सात परत आली. एकाला आठ दिवस ताप होता, असे त्याच्या आईने सांगितले. तपासणी झालेली नव्हती. 24 मार्चपासून शाळा पुन्हा बंद झाल्या. ती हजेरीवही अजून आमच्या कपाटात आहे. समासातली ती ओळ आम्ही पुढे लाल शाईने लिहिली, पण तोपर्यंत तक्ता गेलेला होता.