थुंकी तपासता, हवा कधी तपासणार?

वस्तीत टीबीचा पेशंट सापडला की पहिला प्रश्न ठरलेला : दारू पितो का? पनवेल परिसरातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हा प्रश्न शिकल्यासवरल्यांच्या तोंडूनही ऐकतो. त्याच्या खोलीला खिडकी आहे का, हे कुणी विचारत नाही.

टीबीचा जंतू हवेतून पसरतो. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रायली आणि वेल्स यांनी टीबी वॉर्डातली हवा नळ्यांतून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. गिनीपिगांना टीबी झाला. ज्यांची हवा अतिनील किरणांखालून गेली, ते वाचले. हवेतला जंतू ओळखणारं यंत्र म्हणजे तेव्हा हे मुके प्राणी.

आज त्यांची जागा बायोसेन्सरनं घ्यावी म्हणून संशोधन चालू आहे. हवा खेचून कण गोळा करायचे; जंतूला नेमका चिकटणारा अँटिबॉडी किंवा डीएनएचा तुकडा चिपवर बसवायचा; जंतू चिकटला की विजेचा संकेत मिळतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खोलीतल्या हवेतला कोरोना विषाणू सुमारे ५ मिनिटांत ओळखून दाखवला. टीबीचं काम जास्त अवघड आहे. हवेत हे जंतू फार विरळ असतात, शिवाय मेलेला कोणता आणि जिवंत कोणता हे सांगणं सोपं नाही. पण गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट थुंकीतला टीबी साधारण तासाभरात ओळखतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते स्वीकारलं. तेव्हा आपल्या देशात हे जमणार नाही, असं कुणी सांगू नये.

थुंकी तपासली की रोगी सापडतो. हवा तपासली की इमारत सापडते. इमारतीला बिल्डर असतो, नकाशावर सही करणारा अधिकारी असतो. म्हणून आम्हाला या यंत्रात रस आहे.

गोवंडी-मानखुर्दचं उदाहरण घ्या. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी यांची तुलना केली. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. टीबीही तिथेच जास्त. झोपडी पाडून 'पक्कं घर' दिलं, आणि त्या घरात गिनीपिग कोण झालं? गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचीच पोरं.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला, तेव्हा १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. हवा-उजेड हा घराचा प्रश्न आहे, हे इंग्रज सरकारला साथीनंतर का होईना कळलं होतं.

पनवेल महापालिका २०१६ ला झाली. झोपड्यांच्या जागी इमारतींची भाषा इथेही आहे. जंतू ओळखणारा सेन्सर येईल तेव्हा येईल. कार्बन डायऑक्साइडचं मीटर आज काही हजारांत मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो; बंद खोलीत तो हजारावर गेला, तर आपण एकमेकांचा सोडलेला श्वास पुन्हा घेतोय असं समजा. आमची मागणी एवढीच : पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत, माणसं झोपलेली असताना, रात्रभर हे मीटर ठेवा आणि आकडा जिन्यात लावा. पेशंटचं नाव कुठेही नको. अर्जाचा मसुदा तयार आहे, आपल्या वस्तीसाठी ज्यांना हवा त्यांनी मागून घ्यावा.

जय भीम!