राज्याचे कान कोणाकडे?

हेरगिरी हा राजवाड्यांतला खेळ. नांगर धरणाराचा आणि ऐरणीवर घण घालणाराचा तिच्याशीं संबंध काय, असें आमचे पुष्कळ बांधव म्हणतात. हा समज खोटा आहे. त्याचा दाखला छत्रपती संभाजीनगरापासून चार-पांच कोसांवर उभा आहे.

इ. स. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी कांहीं हजार स्वारांनिशीं देवगिरीवर आला. तेथील संपत्तीची बातमी त्यानें आधींच काढली होती. वाटेंत एलिचपुरास, आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस चाललों आहों, अशी हूल त्यानें उठविली, असें फिरिश्ता लिहितो. इकडे रामदेवराव यादवाचें बरेंचसें सैन्य त्याचा मुलगा शंकरदेव याजबरोबर बाहेर गेलें होतें. शत्रु दाराशीं आल्यावर राजाला जाग आली. घाईनें गडावर नेलेलीं पोतीं धान्याचीं समजून ठेवलीं; फोडलीं तों आंत मीठ! असा बळकट किल्ला असून राज्य वांकलें. ती फौज कोणाच्या शेतांतून गेली? घोड्यांनीं कोणाचा कडबा खाल्ला? कुणब्यानें व गुराख्यानें ती पाहिली असलीच पाहिजे. पण त्यांचे डोळे दरबाराच्या खिजगणतींत नव्हते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हेरांचें सबंध शास्त्र आहे. धंदा बुडालेला कुणबी, भांडवल गेलेला वाणी, तपस्वी, भिक्षुणी यांना हेर नेमावें. तिघांची बातमी जुळली तरच ती खरी धरावी, असें तो सांगतो. शास्त्र चोख, पण हेच हेर तो स्वतःच्या प्रजेवरही सोडतो. येथेंच दोन वाटा फुटतात.

शिवछत्रपतींचे हेर बहिर्जी नाईक यांनीं सुरतेची बातमी आणली आणि १६६४ च्या जानेवारींत स्वारी सफल झाली. उलट औरंगजेबाजवळ वाकेनवीस, खुफियानवीस, हरकारे अशी फौजच होती. १६८२ सालीं तो औरंगाबादेस उतरला, आणि १७०७ पर्यंत झुंजूनही मराठे त्याला आटोपले नाहींत. पगारी कान त्याचे होते. रयत त्याची नव्हती.

इंग्रजांनीं १८८७ सालीं राजकीय चळवळींवर नजर ठेवण्यास गुप्त शाखा काढली. तिच्यांतूनच पुढें केंद्राचा गुप्तवार्ता विभाग वाढला. राज्य आतां आमचें आहे. पण संवय कोणाची उरली? मोर्च्याला कोण गेला हें सरकारास संध्याकाळीं कळतें. कर्जापायीं कोणाची चूल विझली हें वर्ष उलटलें तरी कळत नाहीं!

सरहद्दीवर हेर हवेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु रयतेच्या घरांत डोकावणाऱ्या डोळ्यांवर कायद्याचा आणि लोकप्रतिनिधींचा अंकुश पाहिजे. बांधवांनो, मत मागावयास येणाराला एवढेंच विचारा: तुझे कान आमच्या भिंतीला लागणार, कीं आमच्या हांकेला?