स्वस्त नाश्त्याचं बिल कोण भरतंय?

कॉलेजबाहेरच्या चायनीज गाडीवर ‘एक हक्का’ अशी ऑर्डर तुम्ही शंभरदा दिली असेल. हा ‘हक्का’ कोण, असा प्रश्न कधी पडलाय? हक्का हा चिनी लोकांमधला एक समाज. या नावाचा अर्थच ‘पाहुणे’. घरदार सोडून फिरत राहिलेली ही माणसं. त्यांच्यातली काही कोलकात्यात आली, बरीचशी मलेशिया आणि सिंगापूरला गेली. आपल्याकडे त्यांचं नाव नूडल्सला चिकटलं. तिकडे त्यांची ओळख ठरला भरलेला टोफू, म्हणजे ‘योंग ताउ फू’.

आपल्या भरल्या वांग्याचा हा लांबचा भाऊ म्हणा ना! टोफूला चीर द्यायची आणि आत माशाचं किंवा मांसाचं बारीक वाटलेलं सारण भरायचं. टोफूच्या जोडीला भेंडी, कारलं, वांगं, मिरचीही भरतात. स्टॉलवर हे सगळं मांडून ठेवलेलं असतं. तुम्ही वाडगा घ्यायचा, हवे ते तुकडे उचलायचे, नूडल्स जाड की बारीक ते सांगायचं आणि सूप घालून की कोरडं तेही. पाच मिनिटांत गरमागरम वाडगा हातात. ऑफिसला निघालेली तरुण मंडळी आणि पेपर वाचत बसलेले आजोबा एकाच टेबलावर नाश्ता करतात.

या टेबलाला जागतिक मान्यताही आहे. डिसेंबर 2020 मध्ये सिंगापूरच्या ‘हॉकर कल्चर’चा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. त्याआधी 2016 मध्ये तिथल्या दोन हॉकर स्टॉल्सना मिशलिन स्टार मिळाला होता. एवढं कौतुक होऊनही आज तिथे चर्चा वेगळीच आहे. हे स्टॉल पुढे चालवणार कोण?

आधी छप्पर मिळालं

हे हॉकर मुळात रस्त्यावरचे विक्रेते. 1968-69 मध्ये सिंगापूर सरकारने त्यांची नोंदणी केली. मग बाजारपेठांजवळ आणि नव्या वसाहतींत हॉकर सेंटर बांधली. नळ, ड्रेनेज, वीज, बसायला जागा, सगळं एका छपराखाली. 1986 पर्यंत सुमारे 18 हजार विक्रेते रस्त्यावरून आत आले होते. आज देशात शंभराहून जास्त हॉकर सेंटर आहेत.

पण हॉकरचं सरासरी वय आता साठीच्या आसपास पोहोचलंय. योंग ताउ फूसारख्या पदार्थात अडचण लगेच दिसते. वाडगा पाच मिनिटांत भरतो खरा, पण त्याआधी पहाटे उठून मासा वाटणं आणि एकेक तुकडा हाताने भरणं हे तासन् तासांचं काम असतं. म्हणून अनेक जण कारखान्यातून तयार माल आणतात. बऱ्याच हॉकरांनी मुलांना शिकवलं ते आपल्यासारखे कष्ट त्यांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणूनच. मुलं ऑफिसात गेली यात त्यांचा काय दोष?

भाड्याचं गणित

जुन्या पिढीच्या हॉकरना सवलतीचं भाडं आहे, महिन्याला 192 किंवा 320 सिंगापूर डॉलर. नव्याने येणाऱ्याला मात्र टेंडर भरून गाळा घ्यावा लागतो. सवलत नसलेल्या स्टॉल्सचं मध्यम भाडं साडेबाराशे डॉलरच्या घरात. मोक्याच्या जागी तर विचारू नका! 2024 मध्ये मरीन परेडमधल्या एका स्टॉलसाठी महिन्याला 10 हजार डॉलरच्या वर बोली लागली. त्यातच जीएसटी 2023 मध्ये 7 वरून 8 टक्के आणि 2024 मध्ये 9 टक्के झाला.

मग भाव वाढवा की! इथेच गाडी अडते. एसी रेस्टॉरंटमध्ये वीस डॉलरचे नूडल्स गुपचूप खाणारा माणूस हॉकरने पन्नास सेंट वाढवले की कुरकुरतो. आणि ज्याचं रोजचं जेवणच इथे आहे, त्या निवृत्त आजोबांना वाढलेला भाव खरोखर परवडत नाही.

सरकारचे दोन उपाय शेजारी ठेवून बघा. पहिला, ‘बजेट मील’. सरकारी गाळ्यांतल्या कॉफी शॉपना 2023 मध्ये करार नूतनीकरणाच्या वेळी काही स्वस्त पदार्थ ठेवण्याची अट घातली गेली. इथे ग्राहकाचे पैसे वाचतात, पण त्या ताटातला नफा कमी होतो तो शिजवणाऱ्याचा. दुसरा उपाय व्हाउचरचा. सरकार प्रत्येक कुटुंबाला व्हाउचर देतं आणि त्यातली निम्मी रक्कम हॉकर आणि गल्लीतल्या दुकानांसाठी राखीव असते. यात ग्राहकाला मदत होते आणि हॉकरला पूर्ण भाव मिळतो. स्वस्त जेवण ही शहराची गरज असेल तर तिचा खर्च शहराने उचलावा, पहाटे उठणाऱ्या माणसाने एकट्याने नाही. त्यामुळे दुसरा रस्ता जास्त न्याय्य वाटतो.

नव्यांसाठीही प्रयत्न चालू आहेत. 2018 पासून सवलतीच्या भाड्यात स्टॉल चालवून बघता येतो, 2020 पासून प्रशिक्षण आहे. निवृत्त होणाऱ्या हॉकरने पाककृती आणि स्टॉल नव्या माणसाकडे सोपवावा यासाठीही योजना आहे. 2025 पासून दीर्घ मुदतीच्या व्हिजिट पासवर राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही मदतनीस म्हणून ठेवता येतं. पण पहाटेची मेहनत आणि हातात पडणारे पैसे यांचं गणित जुळलं नाही, तर या योजनांचा उपयोग किती होणार?

आणि आपल्याकडे?

आपण तर अजून छपराच्या प्रश्नावरच अडलोय. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा केंद्राचा कायदा 2014 मध्ये आला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत, असं तो सांगतो. मुंबईत सर्वेक्षण 2014 मध्ये झालं. त्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला 2024 उजाडलं. तोवर महापालिकेची गाडी दिसली की सामान उचलून पळणं चालूच.

तुमच्या कट्ट्यावरचे पोहेवाले काका पहाटे किती वाजता उठतात, जागेसाठी कुणाला काय मोजतात, त्यांची मुलं काय शिकतायत, हे एकदा विचारून बघा. आणि पुढच्या वेळी प्लेट पाच रुपयांनी महागली की ‘काय काका, लुटताय!’ म्हणण्याआधी गॅस, तेल आणि कांद्याचा हिशेब मनात मांडा. पालिका निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना तुमच्या वॉर्डातल्या फेरीवाला क्षेत्राचं काय झालं, हेही विचारा. मतदार यादीत आता तुमचंही नाव आहे.