भिंतीतली तीन चौकोनी छिद्रे

मॉरिशसवरची मराठी प्रवासवर्णने आम्ही वर्गात विद्यार्थ्यांकडून वाचून घेतो, तेव्हा त्यांतले एक मौन आम्हांला नेहमी खटकते. निळा समुद्र येतो, गंगा तलाव येतो, उसाची शेते येतात, ‘छोटा भारत’ हा शब्दप्रयोग तर ठरल्या ठिकाणी येतोच. मात्र हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर आपल्या चार्जरची पिन भिंतीत बसली की नाही, याविषयी अवाक्षर नसते. साहित्यबाह्य तपशील म्हणून तो गाळला जात असावा. आमच्या मते तो गाळण्यात नुकसान आहे. परक्या भूमीवर ‘सगळे आपलेच’ असे लिहिण्याच्या भरात असलेल्या लेखकाला जरा थांबवण्याची ताकद त्या भिंतीतल्या छिद्रांत असते.

वस्तुस्थिती अशी. मॉरिशसमध्ये घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणजे दोन्ही आकडे आपल्याकडचेच. (आम्हां कळवेकरांना दुसऱ्या आकड्याचे थोडे अगत्य आहे. राज्याचे भार प्रेषण केंद्र कळव्याच्याच नावाने ओळखले जाते; मागणी आणि निर्मिती यांचा मेळ तिथे क्षणोक्षणी पाहावा लागतो, कारण तो बिघडला की वारंवारता ५० वरून ढळते.) तेव्हा इथून नेलेले उपकरण तिथे दाबामुळे जळण्याची भीती नाही. अमेरिकेतल्या नातलगांनी प्रेमाने पाठवलेला १२० व्होल्टचा मिक्सर ठाण्यात लावल्यावर जो धूर निघतो, तो मॉरिशसच्या प्रवासात निघणार नाही. अडचण फक्त आकाराची आहे. आपली पिन गोल, तिथले सॉकेट चौकोनी.

आणि हा आकार हा इतिहासाचा भाग आहे. आपण जिला सहजपणे भारतीय पिन म्हणतो, ती तीन गोल दांड्यांची रचना मुळात ब्रिटिश. आपल्या घरांत वीज आली ती याच सॉकेटांतून. पुढे युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या काळात ब्रिटनने नवी रचना स्वीकारली: चपट्या, आयताकृती दांड्या, १३ अ‍ॅम्पिअरची क्षमता आणि प्लगच्या पोटातच फ्यूज. या रचनेचे मानक १९४७ सालचे. म्हणजे ज्या वर्षी आपण इंग्रजांपासून स्वतंत्र झालो, त्याच वर्षी इंग्रज आपल्या जुन्या पिनेपासून स्वतंत्र होऊ लागले! आपल्या भिंती मात्र गोल छिद्रांच्याच राहिल्या. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत इथे नोंदवतो: ब्रिटनमधल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना १५ अ‍ॅम्पिअरची ती जुनी गोल पिन अजून वापरतात.

मॉरिशस १२ मार्च १९६८ पर्यंत ब्रिटिशांकडे होते. तिथे आज भिंतीत नवी चौकोनी ब्रिटिश छिद्रे आढळतात आणि त्यांच्या जोडीला युरोपीय धाटणीची दोन गोल छिद्रेही. ज्या बेटावर १८१० पर्यंत फ्रेंच सत्ता होती, जिथे संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी असूनही सभासदाला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे आणि बाजारात या दोन्हींपेक्षा क्रिओलच अधिक ऐकू येते, तिथे भिंतीनेही दोन लिपी लिहाव्यात यात नवल नाही.

आपला मोबाइलचा बारीक टू-पिन चार्जर या दोन छिद्रांत बहुधा बसून जातो. अडतो तो तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग. चौकोनी सॉकेटातली खालची दोन छिद्रे झडपांनी बंद असतात आणि वरच्या, लांब अर्थिंगच्या दांडीने त्या उघडतात. वरच्या छिद्रात पेन खुपसून झडप उघडायची आणि टू-पिन दडपायची, ही युक्ती आमच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. ती कुणी करू नये. अ‍ॅडॅप्टर घ्यावा. तो दाब बदलत नाही, फक्त आकार जुळवतो. आणखी एक. स्वस्त अ‍ॅडॅप्टरात वरची दांडी कित्येकदा निव्वळ प्लॅस्टिकची असते. ती झडप उघडते, पण अर्थिंग पुढे नेत नाही. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवताच येणाऱ्या झिणझिण्या अशा वेळी जाणवू शकतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे वळतो. परदेशस्थ मराठीजनांविषयी बोलताना आपल्या व्यासपीठांवर एक रूपक फार चालते: महाराष्ट्र हे वीजकेंद्र आणि जगभरचे मराठी लोक म्हणजे त्या एकाच प्रवाहावर उजळलेले दिवे. रूपक म्हणूनही ते चुकीचे आहे. मॉरिशसचे ग्रिड दुसऱ्या कोणत्याही देशाशी जोडलेले नाही. चहूकडे हिंदी महासागर आहे. ते बेट आपली वीज आपणच तयार करते. बाहेरून आणलेले तेल आणि कोळसा जाळून, काही पाण्यावर, काही उन्हावर. आणि गळिताच्या हंगामात उसाची चिपाडे जाळूनही. ज्या उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून त्या बेटावर नेली गेली, तो ऊस आज प्रवाशाच्या चार्जरपर्यंत पोचतो. इथून कोणी वीज पाठवलेली नाही.

मराठीचेही तसेच आहे. तिथल्या मराठी कुटुंबांतली मुले घरी बहुतांशी क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातून गेलेली झाकरी तिथे नाचली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत (स्थापना १९७०) मराठीचे अध्यापन चालते. हे सारे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः निर्माण केलेले आणि टिकवलेले आहे. आपण मात्र कौतुकाने खोकी भरून पुस्तके पाठवतो, ती घरी मराठी ऐकत वाढलेल्या मुलासाठी लिहिलेली. ‘आई’, ‘आजी’, ‘ओटी’, ‘परसदार’ हे शब्द त्याला आधीच येतात, असे धरून पहिला धडा सुरू होतो. क्रिओल बोलणाऱ्या मुलाच्या हाती तो धडा पडला की आपल्या गोल पिनेसारखा तो बाहेरच राहतो. मग ‘तिकडे मराठी उरली नाही हो’ असा निष्कर्ष काढून आपण परततो. दाब कमी पडल्याची ही तक्रार आम्हांला मान्य नाही. क्रिओलमधून मराठीकडे नेणारे एक साधे प्राथमिक पुस्तक, तिथल्या शिक्षकांच्या बरोबरीने बसून, आपल्या किती मराठी विभागांनी लिहायला घेतले? पदव्युत्तर प्रकल्पांच्या विषयांची यादी करताना हा विषय तरी सुचवता येईल.

असो. परिसंवादासाठी मॉरिशसला जाणाऱ्या सहकाऱ्यांनी अ‍ॅडॅप्टर ठाण्यातूनच घ्यावा आणि वरची दांडी धातूची आहे ना, हे नखाने टिचकी मारून पाहावे. दुकानात ‘मॉरिशसचा’ म्हणून मागू नये. ‘यूकेचा द्या’ म्हणावे, लगेच मिळतो.