निनाद कुणाच्या नावावर?



भांड्यावर काही आपटलं की आधी ठण्‌ असा आघात होतो आणि मग बराच वेळ नुसता निनाद घुमत राहतो. हा फरक आपल्या कानांना रोजचा ठाऊक आहे. त्यातून संगीत घडवलं डेलिया डर्बीशायर या इंग्लंडमधल्या बाईने. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये काम करताना तिने दिव्याच्या जुन्या पत्र्याच्या शेडवर आघात केला, आवाज टेपवर घेतला, सुरुवातीचा आघात वगळला आणि उरलेला निनाद सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटाच्या संगीतात वापरला.

केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकून ती १९५९ साली बाहेर पडली, तेव्हा डेक्का कंपनीने तिला सांगितलं होतं, ध्वनिमुद्रणाच्या कामावर आम्ही बायका घेत नाही. १९५८ साली ज्या वर्कशॉपच्या स्थापनेसाठी डॅफ्ने ओरॅम झटली, तेही तिने वर्षभरातच सोडलं.

१९६३ साली 'डॉक्टर हू' मालिकेची धून रॉन ग्रेनरने लिहून दिली. ती प्रत्यक्षात आणली डेलियाने. छेडलेल्या एका तारेचा आवाज आणि विजेच्या उपकरणांतले सूर घेऊन, टेपचा वेग कमी-जास्त करून, एकेक स्वर कापून आणि चिकटवून. ते ऐकून ग्रेनरलाच तिला सहसंगीतकाराचं श्रेय द्यायचं होतं. पण बीबीसीच्या नियमात ते बसेना. नाव लागलं विभागाचं. मालिकेच्या पडद्यावर डेलियाचं नाव आलं २०१३ साली. ती २००१ सालीच गेली होती. मागे माळ्यावर २६७ टेप सापडल्या.

हा नियम तिथल्या पुरुषांनाही होता, हे खरं. पण सरसकट नियमाचा फटका सारखा बसत नाही. जिला दारातूनच परत पाठवलं जातं, तिचं नावही पुसलं तर ती आत होती याचा पुरावाच उरत नाही.

आता आपल्याकडे वळू या. १९७२ पासून महागाईविरोधी मोर्च्यांत बायकांनी थाळ्या-लाटणी वाजवली. स्वयंपाकघरातला आवाज रस्त्यावर आणून त्याला राजकीय अर्थ दिला. पुढाऱ्यांची नावं आपल्याला आठवतात. थाळी वाजवणारीचं? आपली गाणी, पथनाट्यं, कॅसेट 'संघटनेची' म्हणून निघाली. सामूहिकतेवर आपला विश्वास आहे आणि तो हवाच. पण 'सगळ्यांचं' म्हणताना ज्या बाईने रात्री जागून चाल बांधली, तिचं नाव गळत असेल, तर आपल्यात आणि त्या कचेरीत फरक काय?

म्हणून एक विनंती. प्रत्येक गटाने आपल्या जुन्या कॅसेट, वह्या काढाव्यात. गाणं कुणी रचलं, चाल कुणी लावली, डफ कुणाच्या हातात होता, हे म्हाताऱ्या मैत्रिणींना विचारून लिहून ठेवावं. नाव छापायचं की नाही, हे मात्र तिलाच विचारावं. ज्या विचारायच्या राहून जातील, त्यांच्या नावासाठी २०१३ साल उजाडेलच असं नाही.